जान बत्तीस आणि पादऱ्याची वही

ग्वाल्हेरच्या लष्करमधल्या आमच्या घरी उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं पडली की जयविलास राजवाड्याच्या छतावर हत्ती चढायचे. दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं टांगायची होती. छत ती पेलेल की नाही, हे बघायला महाराजांनी आधी हत्ती वर चढवले, अशी ती गोष्ट. आत्या सांगायची तेव्हा हत्ती आठ असत. धाकटे काका सांगायला बसले की दहा. हत्ती वर न्यायला लांबलचक उतार बांधला होता, याबद्दल दोघांचं एकमत. ते वर किती दिवस उभे होते, यावरून मात्र दर वर्षी नव्याने वाद व्हायचा आणि पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी आपलाही आकडा टाकायचं. "आणि हे सगळं केलं कोणी? फिलोजसाहेबानं," एवढं म्हणून आत्या कुशीवर वळायची. म्हणजे आता झोपा.

फिलोजसाहेब म्हणजे सर मायकेल फिलोज. जयाजीराव शिंद्यांसाठी त्यांनी जयविलास उभा केला तो १८७४ साली. इंग्लंडचा युवराज १८७५-७६ च्या दौऱ्यात ग्वाल्हेरला यायचा होता, त्याच्या पाहुणचाराची ही तयारी. खर्च एक कोटी रुपये सांगतात. खालचा मजला टस्कन घाटाचा, मधला इटालियन डोरिक, वरचा कोरिंथियन. आत्याच्या लेखी हा फिलोजसाहेब महाराजांनी झुंबरांच्या खोक्यांबरोबरच विलायतेहून मागवलेला माणूस होता. तो कोणत्या देवळात जायचा, त्याची आई कोण, बायको कोण, असले प्रश्न गच्चीवर कुणाला पडत नसत. एरवी लष्करात नवं बिऱ्हाड आलं तर संध्याकाळपर्यंत त्यांचं गोत्र आणि माहेरची नाती कळलेली असायची.

खरं तर हे घराणं शिंद्यांच्या चाकरीत आमच्या लष्कर शहराच्याही आधीपासूनचं. लष्कर वसलं १८१० साली, दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याखाली पडला आणि मग उठलाच नाही तेव्हा. मूळ पुरुषाचं नावही मायकेल फिलोजच, तो नेपल्सचा. जुने इंग्रज लेखक त्याला खेचरं हाकणारा म्हणून हिणवतात, पण त्यांच्या लिहिण्यात इटालियन माणसाबद्दलचा आकसही पुष्कळ असतो. महादजींच्या अखेरच्या काळात द बॉयन या फ्रेंच बोलणाऱ्या सेनापतीने शिंद्यांचे कवायती कंपू उभे केले, त्यात हा शिरला आणि बघता बघता पलटणींचा सरदार झाला.

याच माणसाने नाना फडणविसांना दगा दिला. ३१ डिसेंबर १७९७. दौलतराव नानांना भेटून गेले होते, आता परतभेटीला नानांनी शिंद्यांच्या छावणीत जायचं होतं. नाना सावध होते. तेव्हा फिलोजने पुढे होऊन शब्द दिला, की तुम्ही सुखरूप घरी परत याल, हमी माझी. परक्या मुलखातला, ख्रिस्ताची शपथ वाहणारा सरदार. नानांनी विश्वास ठेवला. छावणीत त्याच्याच पलटणींनी त्यांना धरलं, बरोबरच्या लोकांवर हल्ला झाला, इकडे पुण्यात नानांच्या पक्षाची घरं लुटली गेली आणि नाना अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत पडले. ग्रँट डफने हे सगळं लिहून ठेवलं आहे.

मी ते कॉलेजात असताना वाचलं आणि तावातावाने आत्याला सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिने काडी मोडली, पानं टोपलीत टाकली, दुसरी काडी घेतली आणि म्हणाली, "शब्द फिलोजनं दिला असेल. हुकूम कोणी दिला, ते नाही सांगितलंस." मी म्हटलं, दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी, आणि दौलतरावांना ते ठाऊक होतंच. "मग? बाड्यावर जाऊन सांगशील का हे?" बाडा म्हणजे महाराज बाडा, आमच्या गावाचं नाक. मी गप्प झाले.

लष्करच्या मराठी माणसांच्या आठवणीचं मला तिथे जरा गुपित कळलं. आमची आठवण ही चाकरीतल्या माणसांची आठवण आहे. धन्याला शोभेल ते तिने जपलं, न शोभेल ते पाण्यात सोडलं. पुण्यात नानांच्या कैदेची गोष्ट सव्वादोनशे वर्षं घोळवली जाते. आमच्याकडे तिचा उच्चार नाही. त्याच घराण्याचे हत्ती मात्र आठाचे दहा होत राहिले. आजीच्या, पणजीच्या तोंडच्या गोष्टी म्हणजे अस्सल इतिहास, असं अलीकडे फार भाविकपणे म्हटलं जातं. मला ते पटत नाही. म्हातारी माणसंही संपादन करतात, आणि चांगलं कसून करतात.

मायकेलची दोन मुलं, फिडेल आणि जाँ बाप्तिस्त. फिडेलवर फितुरीचा संशय आला आणि त्याने गळा कापून घेतला. उरला जाँ बाप्तिस्त, त्याचा आमच्याकडे झाला जान बत्तीस. लहानपणी मला वाटायचं की या माणसाला बत्तीस प्राण असावेत, म्हणून इतक्या लढाया मारूनही तो जिवंत राहिला. १८०९ साली श्योपूर त्याने दौलतरावांसाठी घेतलं, चंदेरीचा मुलूखही त्यानेच जिंकून दिला. बहादूरगड नावाचं ठाणं हाती आल्यावर त्याने त्याला येशूचं नाव दिलं: ईसागढ. आजच्या अशोकनगर जिल्ह्यातलं हे गाव पुढे ग्वाल्हेर संस्थानच्या एका मोठ्या प्रांताचं नाव होऊन बसलं. संस्थानच्या मराठी कारकुनांनी पिढ्यान् पिढ्या वसुलीच्या कागदांवर 'प्रांत ईसागढ' लिहिलं आणि त्यात येशू आहे हे त्यांच्या बोरूला जाणवलंही नसेल. हिंदू धनी, ख्रिस्ती सरदार, मुसलमान गोलंदाज, आणि ज्या मन्सूरशहाबाबांची गादी शिंदे आपली गुरुगादी मानतात ते सूफी फकीर. या दरबारात असल्या गोष्टींवर कुणी भुवई उंचावत नसे.

आता कागदांकडे येते. जान बत्तीसच्या पलटणीतला एखादा ख्रिस्ती गोलंदाज घ्या. त्याची नोंद दोन ठिकाणी व्हायची. एक कंपूच्या हजेरीत, मोडीत: नाव, हुद्दा, दरमहा, घोडा असेल तर त्याचा रंग आणि किंमत. कारकुनाला त्याच्या आत्म्याशी कर्तव्य नव्हतं. दुसरी पादऱ्याच्या वहीत, लॅटिनमध्ये. तिथे दरमहा नाही, हुद्दा असला तर असला. तिथे असतो बाप्तिस्म्याचा दिवस, बाळाचं नाव, बापाचं, आईचं, धर्मपिता आणि धर्ममाता कोण उभे राहिले, आणि शेवटी पादऱ्याची सही. हा नमुना काही ग्वाल्हेरला सुचलेला नाही. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली ठरवलं की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मे आणि लग्नं वहीत मांडावीत. पुढे १६१४ च्या विधिग्रंथाने मृत्यूची वही जोडली. उत्तर हिंदुस्थानात हे काम आधी जेझुइटांनी केलं, मग इटालियन कॅपुचिनांनी. तपकिरी झगा, कमरेला दोरी, आग्र्याला मुख्य ठाणं. ग्वाल्हेर त्यांच्याच वाटणीला होतं. शेजारी झाशी, पलीकडे सरधन्याला बेगम समरूचं भलंथोरलं चर्च. त्या सगळ्या मुलखातली कॅथलिक माणसं, म्हणजे फौजी, त्यांच्या बायका, दाया, बाजेवाले, आर्मेनियन व्यापारी, या वह्यांत एका ओळीत उभी आहेत.

आणि या वह्यांत बाई आहे. ही गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. पलटणीच्या हजेरीत बाई येण्याचं कारणच नाही. ग्रँट डफमध्ये ती नाही, आत्याच्या हत्तींमध्ये नाही. नेपल्सहून आलेल्या शिपायाच्या घराण्यातले लोक पुढे उर्दूत शायरी करू लागले. रामबाबू सक्सेनांनी १९४१ साली हिंदुस्थानातल्या युरोपीय वंशाच्या उर्दू-फार्सी कवींवर जाडजूड ग्रंथ काढला, त्यात फिलोज आहेत. ही उर्दू त्यांच्या तोंडी नेपल्सहून आली नव्हती. ती घरातून, बायकांकडून आली. त्या बायकांचा माग काढायचा तर पादऱ्याची वही हाच एक रस्ता. आईचं नाव लिहिल्यावाचून बाप्तिस्म्याची ओळ पुरी होत नाही. नाव बहुधा नवं, बाप्तिस्म्यात दिलेलं असतं, मारिया नाहीतर आना, पण ती तिथे असते.

ग्वाल्हेर-नरवरचा हा ख्रिस्ती धागा फिलोजांहून बराच जुना आहे. नरवर म्हणजे नळराजाचं, दमयंतीच्या नळाचं नगर, अशी आपली समजूत. आता शिवपुरी जिल्ह्यात, पूर्वी शिंद्यांच्या राज्यात. तिथे अठराव्या शतकात एक टायरोली जेझुइट पादरी जवळजवळ अठरा वर्षं राहिला. योझेफ टीफेनथालर. जन्म १७१०, हिंदुस्थानात आला १७४३ च्या सुमारास. त्याला जायचं होतं जयपूरला, सवाई जयसिंगांच्या वेधशाळेवर. पण १७४३ मध्येच जयसिंग वारले. मग आग्रा, आणि १७४७ पासून नरवर. तिथे बूर्बाँ नावाचं ख्रिस्ती घराणं आणि त्यांच्या भोवतीची थोडी कॅथलिक वस्ती होती, तिची पुरोहितकी याच्याकडे.

पुरोहितकी थोडी, वेळ फार. टीफेनथालरने तो मोजण्यात घालवला. गावांमधली अंतरं, अक्षांश, नद्यांची वळणं, किल्ल्यांचे दरवाजे, गंगा-घाघरेचे नकाशे. मधल्या काळात युरोपातल्या राजकारणाने त्याच्या पायाखालची चटईच ओढून घेतली. पोर्तुगालने १७५९ मध्ये आपल्या मुलखातून जेझुइटांना हाकललं, गोव्याहून येणारा पैसा आटला, आणि १७७३ मध्ये पोपनेच तो संघ बरखास्त केला. नरवरचा हा पादरी १७६५ मध्ये इंग्रजांकडे मदत मागायला बंगालकडे निघाला, आणि मग लखनौकडे राहिला. वीस वर्षांनी, १७८५ मध्ये, तो तिथेच वारला. पुरला आग्र्याला, जुन्या कॅथलिक कबरस्तानात. त्याच्या लॅटिन बाडांतून बेर्नूयीने बर्लिनला ग्रंथ छापायला घेतला तोही त्याच सुमारास. नरवरच्या किल्ल्यात एक छोटं रोमन कॅथलिक चॅपेल आणि ख्रिस्ती कबरी असल्याचं जुन्या पुरातत्त्व अहवालात आहे. ज्या संघाची माणसं तिथे राबली तो संघच मोडला, तेव्हा त्या भिंतींना वारस कोण? फिलोजांना निदान शिंदे होते.

बूर्बाँ घराण्याची गोष्ट तर आमच्या हत्तींना मागे टाकेल. मूळ पुरुष म्हणे फ्रान्सच्या राजघराण्यातला, देशोधडीला लागून अकबराच्या दरबारी आला, बादशहाने त्याला जवळ केलं. नादिरशहाच्या स्वारीनंतर हे लोक नरवरजवळच्या शेरगढला येऊन राहिले, १७७८ मध्ये तिथे त्यांची कत्तल झाली, वाचलेले ग्वाल्हेरला आले, तिथून भोपाळला. भोपाळला त्यांनी नवाबांच्या, बेगमांच्या राज्यात मोठी पदं भूषवली, हा शेवटचा भाग कागदावर पक्का आहे. अकबराचा भाग घराण्याच्या तोंडी आहे. फ्रेंच प्रवासी लुई रूसले १८६७ च्या सुमारास भोपाळला गेला तेव्हा त्याला ही कहाणी ऐकायला मिळाली आणि आपल्याच राजवंशाची माणसं इथे हिंदुस्थानी पोशाखात भेटली म्हणून तो हरखला. फादर होस्टेन या बेल्जियन जेझुइटाने पुढे जुन्या कागदांवरून या ख्रिस्ती घराण्यांची बरीच उलटतपासणी केली. राजपुत्राचा धागा मला स्वतःला कच्चा वाटतो. पण प्रत्येक सरदार घराण्याला एक उदयपूर लागतं, आणि आमच्याकडच्या वंशावळींत सूर्यवंश कुठून कसा येतो हे ज्याने पाहिलं आहे तो बूर्बाँना हसणार नाही.

याच होस्टेनने आणखी एक मोठं काम केलं. अकबराकडे गेलेल्या पहिल्या जेझुइट मंडळींपैकी अंतोनियो मोन्सेरातेने लॅटिनमध्ये प्रवासवृत्त लिहिलं होतं. ते हरवलं होतं, १९०६ मध्ये कलकत्त्यात सापडलं, १९१४ मध्ये होस्टेनने छापलं. ही मंडळी १७ नोव्हेंबर १५७९ ला गोव्याहून निघाली: रुडॉल्फ आक्वाविवा, मोन्सेराते आणि दुभाषा हेन्रिकिश. त्याच्या काही आठवडेच आधी गोव्याच्या धक्क्यावर एक इंग्रज जेझुइट उतरला होता, थॉमस स्टीफन्स. पुढे मराठीत क्रिस्तपुराण लिहिणारा. म्हणजे मराठी ओवीकडे जाणारा आणि ग्वाल्हेरकडे जाणारे काही दिवस एकाच गावात, एकाच संघात होते. १५८३ मध्ये आक्वाविवा साष्टीत कुंकळ्ळीला मारला गेला, तेव्हा मृतदेह परत आणायच्या खटपटीत स्टीफन्सच होता.

सुरत, मांडू, उज्जैन, सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर, धोलपूर, फत्तेपूर सिक्री, अशी त्यांची वाट. ग्वाल्हेरला त्यांनी किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती पाहिल्या. पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळात घडलेल्या या मूर्तींपैकी सगळ्यांत उंच, उरवाईच्या घळीतला आदिनाथ, सत्तावन फुटांचा. १५२८ मध्ये बाबराने त्या विद्रूप करायचा हुकूम सोडला होता. पन्नास वर्षांनी मोन्सेराते तिथे पोचला तेव्हा त्याच्या कानावर आलं की तेरा मूर्तींची ती ओळ म्हणजे ख्रिस्त आणि त्याचे बारा शिष्य. त्याने ते लिहून ठेवलं, आणि मूर्ती पाहून तसं ठामपणे म्हणता येत नाही हेही लिहिलं. हा पादरी मला आवडतो. आपल्या धर्माच्या फायद्याची दंतकथा समोर चालून आली असताना त्याने मान डोलावली नाही. उरवाईच्या रस्त्याने आम्ही शाळेच्या सहलीला चढायचो तेव्हा गाइड त्याच मूर्तींना पांडव म्हणायचा, आणि बाई नाक मुरडून "तीर्थंकर, तीर्थंकर" म्हणत पुढे जायच्या.

माझ्या वर्गात एक ख्रिस्ती मैत्रीण होती. तिचे पणजोबा गोव्याचे, संस्थानच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. संस्थानांच्या बँडमध्ये गोव्याची माणसं असणं तेव्हा सर्रास होतं. राजाला सलामी हवी आणि स्वरलिपी वाचता येणारे लोक गोव्याच्या पॅरिश शाळांतून तयार व्हायचे. त्यांच्या घरी नाताळात नेवऱ्या आणि गुजिया एकाच ताटात यायच्या. कोंकणी विसरली गेली होती. तिची आजी, सगळ्यांची दादी, अस्सल ग्वाल्हेरी हिंदी बोलायची आणि आमच्या आत्याशी मराठीत भांडायची, कारण लष्करात राहून मराठीत भांडता आलं नाही तर भाजीवालीपासून घरमालकापर्यंत सगळेच गुंडाळून ठेवत.

दादीला कुटुंबपेन्शनसाठी लग्नाचा पुरावा हवा होता. मैत्रीण मला बरोबर घेऊन चर्चमध्ये गेली. ग्वाल्हेरचा धर्मप्रांत स्वतंत्र झाला तो १९९९ साली. त्याआधी तो झाशीकडे, आणि फार मागे गेलं तर आग्र्याकडे. त्यामुळे कुठल्या साली कुठली वही कुठे, हे आधी फादरांनाच बसून लावावं लागलं. वही आली. उंच, अरुंद, कडा भुरभुरलेल्या. शाई तपकिरी पडलेली, मलपृष्ठाच्या आत वाळवीने एक नागमोडी बोळ पोखरलेला. दादीच्या बाप्तिस्म्याची ओळ सापडली. तिचं नाव लॅटिन वळणाने लिहिलेलं, बाप, आई, धर्ममाता, सही. आणि डाव्या समासात, दुसऱ्या अक्षरात, दुसऱ्या शाईत, तिचं लग्न. १९०८ पासून रोमचा नियमच आहे की लग्न कुठेही लागो, ज्या पॅरिशात बाप्तिस्मा झाला तिथल्या वहीत समासात त्याची नोंद पाठवायची. म्हणजे माणूस जन्माच्या ओळीपासून सुटत नाही. त्याच्या शेजारची मोकळी जागा त्याच्यासाठी राखून ठेवलेली असते. आमच्या उपाध्यांच्या नामावळींत सासरी गेलेली मुलगी पुन्हा अशी सापडत नाही.

समासात लग्नाचं ठिकाण लिहिलं होतं झाशी.

घरी येऊन सांगितलं तर दादी भडकली. लग्न लष्करला लागलं, सगळा बँड होता, वरात कंपू मोहल्ल्यातून निघाली, सराफ्यात गर्दीमुळे अडली. मैत्रिणीने समजावलं की दादी, बुक में झाशी लिखा है, लॅटिन में. आत्याही तिथेच बसली होती. तिने अर्थातच दादीची बाजू घेतली आणि आपल्याला ती वरात आठवते असं ठोकून दिलं. तेव्हा आत्या परकर-पोलक्यातही नसेल.

"शादी मेरी थी कि पादरी की?" दादी म्हणाली.

दाखल्यावर झाशीच आलं. पेन्शनच्या कचेरीत तेच चाललं.